दुसरा भाग लिहायचाय? आधी पहिल्या भागातला नवस फेडा

माझ्या फँटसी सिरीजच्या पहिल्या पुस्तकावर गप्पा मारायला मालवणकडच्या एका वाचनालयात गेले होते, चाळीसेक पोरं, बहुतेक आठवी ते दहावीची, सगळी भरपूर बोलली, फक्त मागे खिडकीच्या कठड्यावर बसलेली एक मुलगी शेवटपर्यंत गप्प. निघताना मी चपला घालत होते तेव्हा ती जवळ आली आणि म्हणाली, "ताई, सानिकान देवचाराक नारळ कबूल केल्यान ना, दरवर्साक देतलंय म्हणान, मगे दिल्यान काय नाय?"

मी तिथेच थांबले. सतराव्या चॅप्टरमध्ये माझी नायिका सानिका भीतीच्या भरात हे एक वाक्य बोलून जाते, मी ते लिहिलं आणि पुढे साफ विसरले होते. आणि तोवर सहा महिने मी दुसऱ्या भागासाठी एक भलामोठा खवीस रचत बसले होते, पहिल्यापेक्षा ताकदवान, पहिल्यापेक्षा भयानक, आणि ते काही केल्या जमत नव्हतं. घरी येऊन त्या खविसाची ऐंशी पानं बाजूला ठेवली आणि नव्या पानावर लिहिलं, "नारळ दिला नाही." माझा दुसरा भाग तिथून सुरू झाला.

किशोरवयीन मुलांसाठी भुताखेतांची, देवचार-वेताळाची फँटसी सिरीज लिहिणारे आता आपल्याकडे बरेच जण आहेत, पहिला भाग होतो आणि दुसऱ्याला गाडी अडते असं खूप जणांकडून ऐकते, म्हणून मी कसं केलं ते सगळं सविस्तर सांगते. उदाहरणं माझ्याच गोष्टीतली घेते, म्हणून ती थोडक्यात. सानिका १५ वर्षांची, आईवडील मुंबईत, ती आजीकडे गावात. सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, एका कातळशिल्पाच्या खाचेतला शंख ती उचलते, त्याने सीमेवरचा देवचार, म्हणजे गावाचा राखणदार, अस्वस्थ होतो, राखण सैल पडते आणि तिचा चुलतभाऊ ओंकार खाडीतल्या पाणभुताच्या, म्हणजे गिऱ्ह्याच्या तावडीत सापडतो. शंख परत ठेवून, शब्द देऊन ती त्याला सोडवते.

आधी पहिला भाग परक्यासारखा वाचा

प्रिंट काढून वाचा, मोबाईलवर नको, आणि शेजारी एक वही ठेवा. मी तिला नवसवही म्हणते. तिच्यात मी चार गोष्टी उतरवल्या. एक, कोणी कोणाला काय कबूल केलं, अगदी रागात किंवा भीतीत बोललेलं सुद्धा. दोन, त्या दुसऱ्या जगाचे नियम, म्हणजे कोण कुठे येऊ शकतं, कशाने थांबतं, मोबदल्यात काय मागतं. तीन, अंगावरच्या आणि जागेच्या खुणा. चार, कोणाला काय माहीत आहे. हे चौथं फार महत्त्वाचं, कारण दुसऱ्या भागात आजी एखादं गुपित माहीत असल्यासारखी बोलून जाते आणि वाचणाऱ्या पोरांच्या ते पटकन लक्षात येतं, ती पोरं पुस्तक पाच-पाच वेळा वाचतात, आपण वाचत नाही.

खुणांमध्ये मला काय काय सापडलं सांगते. विहिरीला चौथ्या चॅप्टरमध्ये ९ पायऱ्या आणि एकोणिसाव्यात ११. ओंकारच्या डाव्या पायाला गिऱ्ह्याने धरलं होतं आणि शेवटी तो उजव्या पायाने लंगडत होता. हे पहिल्या भागात छापून गेलं होतं, मग मी ठरवलं की दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करायचं आणि दुसऱ्या भागात डावाच पाय धरून चालायचं.

एक टायपिंगची भानगड पण सांगून ठेवते, कारण माझे दोन दिवस त्यात गेले. 'गिऱ्हा' मधला तो अर्धा र युनिकोडमध्ये दोन पद्धतीने टाइप होतो, एक नुक्त्याच्या ऱ ने आणि दुसरा साध्या र ला हलंत देऊन पुढे जोडणारं न दिसणारं अक्षर घालून. स्क्रीनवर दोन्ही जवळपास सारखे दिसतात पण कम्प्युटरसाठी ते वेगळे शब्द आहेत, त्यामुळे सर्च केलं की अर्धेच गिऱ्हे सापडतात आणि आपल्याला वाटतं सगळीकडे बदल झाला. पायऱ्या, दऱ्या, वाऱ्या सगळ्याचं तेच. दोन्ही फाइल्स पहिल्याच दिवशी एका पद्धतीवर आणून ठेवा.

देणं शोधा

आता खरं काम. वहीतली कबुलीची पानं उघडा आणि प्रत्येक न फेडलेली गोष्ट एका वाक्यात लिहा. माझ्याकडे सात निघाल्या. सानिकाने नारळ दिला नाही. आजीने सानिकाच्या आईपासून सगळं लपवलं. ओंकार बुडत असताना त्याला कोणीतरी होडीतून दोर टाकला होता, तो कोण हे मी सांगितलंच नव्हतं. अशा सात.

मग प्रत्येकीला विचारायचं की हे फेडलं नाही तर कोणाला भोगावं लागेल. उत्तर 'कोणालाच नाही' आलं तर ती सोडून द्या. उत्तर 'सानिकाला' आलं तर ठीक. पण उत्तर 'ज्याचा काही दोष नाही त्याला' असं आलं, तर तोच तुमचा दुसरा भाग. आपल्याकडे हे वेगळं समजावून सांगावंच लागत नाही. राखणदाराला दरवर्षी राखण द्यायची असते, कोणाकडे कोंबडा, कोणाकडे नारळ, पणजोबाने कबूल केलेलं पणतू मुंबईहून येऊन देतो, आणि एखाद्या वर्षी राहिलं तर घरात काही वाईट घडलं की म्हातारी माणसं आधी तेच विचारतात, "राखण दिली हुतास ना?" हा प्रश्न म्हणजेच सिक्वेल. त्यासाठी मोठं भूत लागत नाही.

मोठ्या भुताने काम का होत नाही तेही बघा. कोकणात प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. गिऱ्हा पाण्यात, मुंजा पिंपळावर, चकवा सड्यावर नाहीतर रानवाटेला, देवचार आपल्या हद्दीत फेरी घालणार, रात्री त्याच्या काठीचा आवाज आला म्हणून सांगणारी माणसं अजून आहेत. या सगळ्यांच्या वर कुठूनतरी एक महाभयंकर काहीतरी आणून बसवलं की पहिल्या भागातल्या सगळ्या नियमांना काही अर्थच राहत नाही. वाचणारा विचार करतो, मग हा आधी कुठे होता?

नियम मोडू नका, एक दार पुढचं उघडा

जुना नियम तसाच ठेवायचा आणि त्याच्या पोटातून नवा काढायचा. पहिल्या भागात माझा नियम होता की देवचार आपली हद्द ओलांडत नाही. दुसऱ्यात मी तो मोडला नाही, फक्त प्रश्न विचारला, माणसानेच हद्द बदलली तर? रस्ता रुंद करताना सीमेवरचा दगड हलला तर? हायवेच्या कामात असे दगड सरकलेले आपण सगळ्यांनी बघितलेत, त्यामुळे वाचणाऱ्याला ते खरं वाटतं.

खऱ्या जागांमध्ये किती मसाला आहे बघा. राजापूर तालुक्यात देवाचे गोठणे इथे सड्यावर माणसाची आकृती कोरलेली आहे आणि तिच्यापाशी होकायंत्र ठेवलं तर सुई भरकटते, हे तिथे जाऊन आलेले सांगतात, नोंदही झालेली आहे. कशेळीचा हत्ती जवळपास १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात मासे, प्राणी असं बरंच काही कोरलंय. ही आणि अशी रत्नागिरी-सिंधुदुर्गातली आठ ठिकाणं आणि गोव्यातलं एक, २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. ती कोणी आणि का कोरली हे कोणाला ठाम सांगता येत नाही, म्हणजे लिहिणाऱ्यासाठी दार उघडंच आहे. फक्त तुमच्या गोष्टीतलं शिल्प आणि गाव तुमचं काल्पनिक ठेवा, नाहीतर उद्या पोरं शंख शोधायला खऱ्या शिल्पावर चढतील. जांभा दगड दिसतो कडक, पण रेघा झिजतात.

तसंच गावपळणीचं. मालवण तालुक्यात आचऱ्याची गावपळण प्रसिद्ध आहे, दर काही वर्षांनी ग्रामदैवत रामेश्वराचा कौल होतो आणि अख्खं गाव गुरंढोरं, कोंबड्या, कुत्री घेऊन तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर झोपड्या बांधून राहतं, परत यायचं तेही कौल झाल्यावर. रिकामं गाव, बंद दारं, तीन रात्री. फँटसी लिहिणाऱ्याला याहून काय पाहिजे? मी ते घेतलं, सानिका दुसऱ्या रात्री विसरलेला नारळ आणायला रिकाम्या गावात परत शिरते. पण घेताना दोन गोष्टी सांभाळल्या. गावाचं नाव आणि देवाचं नाव माझं, आणि ही प्रथा मी कुठेही भीतीची किंवा अडाणीपणाची म्हणून लिहिली नाही, कारण तिथे जाऊन बघितलं तर ते तीन दिवस माणसं गाणी म्हणतात, पत्ते खेळतात, एकत्र जेवतात. देवचाराचंही तेच. गावातल्या माणसांसाठी तो भूत नव्हे, राखणदार आहे. त्याला व्हिलन करू नका ही माझी कळकळीची विनंती आहे, ज्या आजीने तुम्हाला ती गोष्ट सांगितली तिला ते वाचून वाईट वाटेल.

पोर मोठी झालीय हे विसरू नका

सानिका आता १६ पूर्ण, अकरावीत. सकाळच्या एसटीने कुडाळला कॉलेज, आई म्हणते बारावीला मुंबईला ये, ओंकार पाण्याजवळ जात नाही आणि त्याबद्दल बोलतही नाही. वाचणारी पोरं पण तेवढीच मोठी झालेली असतात. पहिल्या भागात त्यांना भीती वाटली, दुसऱ्यात त्यांना आपली भीती कोणाला सांगता येत नाही ते कळायला लागतं. म्हणून भुताची अडचण आणि घरची अडचण एकाच दिवशी समोरासमोर आणा. माझ्याकडे नारळ द्यायचा दिवस आणि मुंबईला ॲडमिशनसाठी निघायची गाडी एकाच तारखेला येते. दोन्ही करता येत नाही. हे एकदा जमलं की अर्धं पुस्तक आपोआप चालतं.

प्रेमाबिमाचं विचारतात सगळे. असू दे, पण घाई नको, आणि देखण्या भुताच्या प्रेमात पडणारी मुलगी आता फार झाली. माझ्याकडे तिला रोज एसटीत जागा धरून ठेवणारा एक मुलगा आहे, तो तिच्याबद्दल काहीच विचारत नाही, आणि तेच तिला आवडतं.

पंचांग आणि भरती-ओहोटी मांडून बसा

ही पायरी बरेच जण गाळतात आणि किनाऱ्यावरच्या गोष्टीत इथेच चूक होते. माझ्या पहिल्या ड्राफ्टमध्ये सानिका पौर्णिमेला मध्यरात्री वाळूवरून चालत समोरच्या खडकापर्यंत जाते, चांदणं पडलंय, पाणी लांब गेलंय, मला तो सीन फार आवडत होता. शेजारचे काका रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढायला जाणारे, त्यांना वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "पुनवेक त्या टायमाक थय गळ्याएवढा पाणी आसता गो."

मग त्यांनी हिशोब शिकवला. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल ती साधारण भरतीची वेळ. पौर्णिमा म्हणजे १५, पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे सकाळी आणि रात्री सव्वाअकराच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला ८ ची पाऊणपट ६. भरतीपासून साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. रोज वेळ ५० मिनिटांच्या आसपास पुढे सरकते. आणि अमावस्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे पाणी चढतंही जास्त आणि ओसरतंही जास्त, अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा दोन्ही कमी. हा ढोबळ हिशोब आहे, जागेप्रमाणे थोडं मागेपुढे होतं, पण गोष्टीला पुरतो. कोणी खरंच खडकावर चालत जाणार असेल तर मात्र तिथल्या माणसाला विचारूनच.

मी सीन अष्टमीला नेऊन बघितला, पण भांगाला पाणी तेवढं लांब जातच नाही. शेवटी पौर्णिमाच ठेवली आणि मध्यरात्रीऐवजी पहाट केली. साडेपाचच्या सुमारास उधाणाची ओहोटी, खडकापर्यंत वाळू उघडी, आणि आपला समुद्र पश्चिमेला असल्यामुळे पूर्ण चंद्र त्याच वेळी समोर पाण्यात बुडत असतो, मागे उजाडायला लागलेलं असतं. सानिकाची सावली पुढून मागे पडते आणि हळूहळू पुसट होत जाते. हे मला मध्यरात्री मिळालं नसतं.

म्हणून एक मोठा कागद घ्या, वर महिने लिहा आणि खाली चॅप्टर. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, त्यामुळे पावसात रात्री समुद्रात ट्रॉलरचे दिवे दाखवू नका. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ. गणपतीत चाकरमानी येतात, घरात पंधरा माणसं, तेव्हा सानिकाला एकटी बोलायला माडीवरसुद्धा जागा मिळणार नाही. कार्तिकापासून जत्रा, दहीकाला, रात्रभर दशावतार. फाल्गुनात शिमगा, पालखी. चंद्र पण रोज पाऊण तास उशिरा उगवतो, पौर्णिमेनंतर चार दिवसांनी संध्याकाळी सातला चांदणं लिहिलंत तर चुकलं.

मागचं सांगायचं कसं

पहिली तीन पानं "गेल्या वर्षी सानिकाने..." अशी लिहू नका. ज्यांनी वाचलंय ती कंटाळतात, ज्यांनी नाही वाचलंय त्यांना काही लागत नाही. मागचं सांगायचं ते आत्ताच्या अडचणीतून. ओंकारला त्या रात्री गिऱ्ह्याने ओढलं होतं असं लिहिण्यापेक्षा, ओंकार आंघोळीला बादलीतलं पाणी आधी तांब्याने ढवळून बघतो, असं लिहा. बाकी पोरं विचारतीलच.

मला सगळ्यात उपयोगी पडलं ते गाऱ्हाणं. जत्रेत देवासमोर गाऱ्हाणं घालतात त्यात काय असतं, काय घडलं, कोणाचं चुकलं, आता काय पाहिजे. म्हणजे मागचा भाग आणि पुढचा भाग दोन्ही अर्ध्या पानात. देवळातलं खरं गाऱ्हाणं मात्र उचलू नका, स्वतःचं रचा. माझं असं आहे:

"बा देवा म्हाराजा, गेल्या साली ह्या पोरीन तुझ्या सड्यार पाय घातल्यान, नकळत घातल्यान. व्हय म्हाराजा! तुझी वस्तू उचलल्यान, परत ठेवल्यान, पण शबूद दिल्यान तो रवलो. व्हय म्हाराजा! तेची वाट गावाक दाखव नको..."

या गर्दीत सानिका उभी आहे, सगळ्यांबरोबर तिलाही 'व्हय म्हाराजा' म्हणायचंय आणि तिच्या तोंडून आवाज फुटत नाही. एवढ्यावर पहिला चॅप्टर संपतो.

बोलीबद्दल थोडं. निवेदन साध्या मराठीत, मोठ्यांचे संवाद मालवणीत, सानिका आजीशी मालवणी आणि कॉलेजात प्रमाण, असं मी ठेवलं. कंसात अर्थ देत बसले नाही, पुढच्याच वाक्यात कोणीतरी असं काही करतं की अर्थ कळतो. पण एक लक्षात ठेवा, रत्नागिरीकडची संगमेश्वरी वेगळी आणि मालवणी वेगळी, गोष्ट देवरुखात घडत असेल तर 'खय' आणि 'थय' लिहून चालणार नाही, तिथल्या माणसाकडून वाचून घ्या.

मधला भाग

मध्यावर सिक्वेल रेंगाळतो कारण सगळी पात्रं ओळखीची असतात आणि सगळी एकमेकांना मदत करतात. त्यांना फोडा. मी सानिका आणि आजीला भांडायला लावलं, खरंखुरं, आजीचंही थोडं बरोबर आणि तिचंही थोडं बरोबर असं, आणि आठ चॅप्टर त्या बोलत नाहीत. लिहिताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं, पण त्या आठ चॅप्टरमध्ये सानिकाला जे येत नव्हतं ते तिला स्वतः शिकावं लागलं.

वाचून घ्या, मग छापा

दोन प्रकारची वाचणारी पोरं शोधा, पहिला भाग वाचलेली आणि न वाचलेली, १३ ते १७ वयाची, आईवडिलांना विचारून. न वाचलेल्यांना एवढंच विचारा, कुठे गोंधळलात. वाचलेल्यांना विचारा, कोणतं पात्र स्वतःच्या स्वभावासारखं वागलं नाही. आवडलं का हे विचारू नका, ती हो म्हणतात.

छपाईचं पटकन सांगते. आपल्याकडे फर्मा, म्हणजे एका मोठ्या कागदावर छापून दुमडलेला पानांचा गठ्ठा, १६ पानांचा, त्यामुळे पानं १६ च्या पटीत बसवली की कोरी पानं वाया जात नाहीत. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, भारतात फुकट मिळतो, पण छापील आणि ईबुकला वेगवेगळा घ्यावा लागतो, आणि पहिल्या भागाचा नंबर दुसऱ्याला चालत नाही. किंडलवर मराठी ईबुक टाकता येतं, तिथे दोन्ही भाग एकाच सिरीजखाली जोडा. पुस्तकाच्या कण्यावर 'भाग २' ठळक छापा, दुकानात मुलं कणाच बघतात. जमलं तर मुखपृष्ठ त्याच चित्रकाराकडून.

आणि फाइल प्रेसला द्यायच्या आधल्या रात्री नवसवही पुन्हा काढा. दुसऱ्या भागात काय काय फेडलं त्यावर रेघ मारा, नवीन काय कबूल केलं ते लिहून ठेवा, कारण आत्ता ते डोक्यात ताजं आहे आणि सहा महिन्यांनी नसेल. नारळावर मी रेघ मारली. आजीच्या लपवाछपवीवर मारली. होडीतून दोर टाकणारा अजून तसाच आहे, त्याच्यासाठी मी एक कोरं पान सोडलंय आणि वर फक्त लिहिलंय, "त्या रात्री गावातली एकही होडी पाण्यात नव्हती."